भेगा कुठं मिळतील

ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात तो सेलूला उतरला,
गळ्यात कॅमेरा, काखेत बाटलीबंद पाण्याचा गठ्ठा,
आणि माझ्या स्टुडिओच्या पायरीवरूनच म्हणाला,
"जमिनीला भेगा पडलेल्या कुठं मिळतील?"

तीन दिवसांची झड लागलेली.
गावातली निम्मी काळी माती त्याच्या बुटांना,
एकेक बूट जात्याच्या तळीएवढा.
मी म्हणलं, साहेब, उशीर केलात.
मेमध्ये या, हात जाईल एवढ्या दाखवतो.
आत्ता स्टॉक नाही.

तो हसला नाही. नाव विचारलं.
वजिरोद्दीन, म्हणलं.
"मराठी छान बोलता हो तुम्ही!"
तुम्ही पण, म्हणलं.
आमचे आजोबा कचेरीबाहेर अर्ज लिहायचे,
उर्दूत सुरू करून मराठीत संपवायचे.
हे त्याला सांगणार होतो,
पण तो लेन्स पुसत होता.

गाडीवर बसवून नेलं.
दुधनेला लाल पाणी, विहीर काठोकाठ,
पोरं धडाधड उड्या टाकायलेली.
वर आलेल्या परमेश्वराला
(पोराचं नाव आहे, गैरसमज नको)
तो म्हणाला, जरा गंभीर हो.
काहून? परमेश्वरानं विचारलं.
तरी झाला बिचारा. पाहुण्याचं मन कोण मोडतं.

खोटं नाही बोलणार.
नळाला नवव्या दिवशी पाणी येतं, ते पण रात्री दोनला.
कोणत्या गल्लीत सुटलं
हे हिला बादल्यांच्या आवाजावरून झोपेत कळतं.
पण तेवढ्यावरून आमची ओळख काढायची म्हणजे
पासपोर्ट फोटोत नुसतं नाक.

दुपारी घरी जेवला. खिचडी आणि खट्टा.
"भाकरी-ठेचा नाही?" म्हणत दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी त्याला स्टुडिओतला पडदा दिसला,
धबधबा, नारळाची झाडं, दोन हंस.
"यापुढं कोण फोटो काढतं?"
सगळेच. नवरानवरी, बारशाची लेकरं, सरपंच.
तो हळू आवाजात म्हणाला,
"पाण्याची केवढी ओढ!"
आणि वहीत लिहूनही घेतलं.
ओढ-बिढ काही नाही हो, म्हणलं.
परभणीच्या दुकानात दोनच पडदे उरलेले.
दुसऱ्यावर ताजमहाल होता, तो तीनशेनं महाग.
हे त्यानं लिहिलं नाही.

तो गेल्यावर त्याच्या नकला करून मी
आठवडाभर गिऱ्हाईक हसवलं.
शाळेतल्या शिगवण बाई आल्या, खेडच्या वरच्या अंगाच्या.
त्यांनाही सांगितलं, आणि नेहमीसारखं
धबधब्यापुढं स्टूल सरकवत म्हणलं,
बसा बाई, तुमचं कोकण.

बाई बसल्या नाहीत.
म्हणल्या, आमच्या वाडीत मार्च सरला की झरा आटतो.
पहाटे चारला दोन हंडे घेऊन घळीत उतरायचं.
टँकर वर चढत नाही.
नारळ मी पहिल्यांदा झाडावर बघितला
तो सहलीत.

मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.
चार वर्षं का बोलला नाहीत?
"तुम्ही इतक्या हौसेनं म्हणत होतात."

दिवाळीच्या आसपास परमेश्वर आला,
हातात मासिकातलं फाडलेलं पान. लॅमिनेशन करा म्हणला.
पानावर तो. गंभीर.
खाली छापलेलं, थेंबाच्या प्रतीक्षेत.
नीट बघितलं तर केसांतून पाणी गळतंय.

"आई विचारायली, कोण मारलं तुला?"

ये, म्हणलं, एक हसरा काढू. पैसे नको.
पडदा गुंडाळून वर टाकला.
मागं नुसती भिंत,
आणि तिच्यावर छतापासून खालपर्यंत
यंदाच्या झडीनं काढलेला
ओलीचा एक लांबच लांब ओघळ.
हलू नको, म्हणलं.
पण तो हसायला लागला होता.